म्हाताऱ्या उंदराचं काळीज आणि दिगूची पावडर

"म्हणजे ययाती उगाच बदनाम झाला," दिगू म्हणाला. "हार्वर्डनेच सिद्ध केलंय. ग्रुपवर टाकलंय मी, कोणी उघडत नाही हा भाग वेगळा."

"रिकाम्यापोटी कढीपत्ता चावायचे फायदेही तूच टाकले होतेस," अप्या म्हणाला.

ते जीडीएफ-११ नावाच्या प्रोटीनचं प्रकरण एव्हाना सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेलं होतं. तरी दिगूने ते हातवारे करून सांगितलंच: तरुण आणि म्हातारा उंदीर एकमेकांना शिवले, रक्त दोघांत फिरू दिलं, चार आठवड्यांत म्हाताऱ्याचं जाड झालेलं काळीज, म्हणजे हृदय, पुन्हा बारीक झालं. मग रक्तातलं ते एक प्रोटीन, हेच जीडीएफ-११, नुसतं टोचलं, तरी तोच गुण. दिगूच्या पायाशी पिशवी होती आणि पिशवीत नव्या पावडरीचे डबे होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

"हे २०१३ चं झालं," मंदाताई म्हणाल्या. "२०१५ चं वाचलंस का?"

ताईंचा जन्म पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेला. डेअरीत दूध घ्यायला येतात आणि जाताना आमची अक्कल काढून जातात.

"त्यात काय होतं?" दिगू.

"वय वाढलं की ते प्रोटीन कमी होतं, असं ज्या अँटिबॉडीने मोजलं होतं ना, तिला जीडीएफ-११ आणि स्नायूंची वाढ रोखणारं मायोस्टॅटिन यांतला फरकच कळत नव्हता. दोन्हींचा कामाचा भाग ९० टक्के सारखा. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन एस. एन. कुलकर्णी आहेत, एकाचं लाइटबिल दुसरा भरतो, तसलं. नीट निवडून मोजलं तर कमी होणं राहिलं बाजूला, वाढण्याकडेच कल दिसला."

"पण शोधून काढलं कोणी? नोव्हार्टिस या औषध कंपनीने!" सुहास उसळला. सुहास आयुष्यभर एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होता, त्यामुळे त्याचा एकाही औषध कंपनीवर विश्वास नाही. "त्यांचं स्वतःचं स्नायू वाढवायचं औषध तयार होत होतं तेव्हा. मायोस्टॅटिनचा निरोप अडवणारं!"

"आणि हार्वर्डच्या लोकांनी पुढे त्याच जीडीएफ-११ वर कंपनी काढली, ते रे?" ताई म्हणाल्या. "दोघांचीही दुकानं. म्हणून तिसऱ्याकडे बघायचं. फिलाडेल्फियाला टेंपल विद्यापीठात हाउजर यांच्या लॅबने म्हाताऱ्या उंदरांना २८ दिवस रोज तेच टोचलं. काळीज होतं तेवढंच राहिलं."

"डोस कमी पडला असेल," दिगू. पावडरीचं गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की तो हेच म्हणतो.

"डोसही वाढवून झाला. काळीज लहान झालं, पण उंदीरही वाळला. अख्खा उंदीर वाळल्यावर काळीज का मागे राहील? याला तू इलाज म्हणणार?"

यावर दिगूने पिशवी पायाने आत ढकलली. मी ताईंच्या बाजूचा आहे, लपवत नाही.

"मग प्रोटीन काहीच करत नाही म्हणा की!" दिगू.

"असं कधी म्हटलं मी? दुसरी प्रोटीनं करतात की. हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर न्यूरेग्युलिन नावाचं प्रोटीन सोडतं. शेजारच्या स्नायूपेशीला तो निरोप लागतो, आणि तो पोचवायला पेशीवरचा हर-टू नावाचा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारा, लागतो. आमच्या जाऊबाईंना स्तनाच्या कॅन्सरसाठी ट्रास्टुझुमॅब चालू होतं. ते नेमकं हर-टूलाच अडवतं. गाठीसाठी उत्तम, पण हृदयाचाही निरोप अडतो. म्हणून दर तीन महिन्यांनी टूडी इको. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते, ६२ वरून ४८ वर आलं, तसं डॉक्टरांनी औषध थांबवलं. पुन्हा ५८ झाल्यावर सुरू केलं. तिला दम लागला नव्हता, पाय सुजले नव्हते, काही नाही. नुसता कागदावरचा आकडा. तो बघितला नसता तर?"

यावर कोणीच काही बोललं नाही. अप्याही नाही, म्हणजे बघा.

"किडनीवाल्यांचं वेगळंच," सुहास म्हणाला. "हाडातून एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन सुटतं, किडनी गेली की रक्तात बेसुमार चढतं आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड करतं. उंदरांत दाखवलंय २०११ मध्ये."

"आणि हृदय स्वतःही सोडतंच की," ताई म्हणाल्या. "१९८१ मध्ये कॅनडात डी बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्याचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर लघवी आणि मीठ धो धो बाहेर. तोवर सगळे त्याला नुसता पंप समजत होते. मी लॅबमध्ये रोज हृदयावरचा ताण बघायची प्रोबीएनपी टेस्ट लावायचे ना, ते त्याच घराण्यातलं. ते बीएनपी १९८८ मध्ये जपानात पहिल्यांदा सापडलं डुकराच्या मेंदूत."

"चला, डुकराच्या मेंदूत निदान काहीतरी सापडलं," अप्या दिगूकडे बघून म्हणाला.

डेअरीवाल्याच्या हातून सुट्टे पैसे सांडले.

"हसा," दिगू म्हणाला. "अमेरिकेत तरुणांचा प्लाझ्मा ८,००० डॉलर लिटरने विकत होते. लोक वेडे का?"

"हो," ताई म्हणाल्या. "२०१९ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, जाहीर सांगितलं, यात गुण सिद्ध नाही, धोका मात्र आहे. आणि तो तरुण राहायला पैसा ओतणारा अमेरिकन श्रीमंत ब्रायन जॉन्सन, पोराचा प्लाझ्मा घेऊन झाल्यावर स्वतःच म्हणाला, फायदा दिसला नाही."

"दिगूचा पोरगा प्लाझ्मा देईल? तो बापाला हॉटस्पॉट देत नाही."

"माझ्या पोराचं नाव काढू नको, अप्या. शेजारनगरच्या मॅचमध्ये स्कोअर कोणी खाल्ला होता, सांगू का सगळ्यांना?"

मग तो विषय निघाला. तो निघाला की दुसरं काही होत नाही. अप्या म्हणतो चौकार होता, दिगू म्हणतो टप्पा आत होता, आणि ज्या अंपायरला विचारायचं तो दुबईला.

शेवटी दिगूने लाज सोडून एक डबा काढला. "मंदाताई, तुमच्यासाठी निम्म्या किमतीत. हृदयाला चांगली."

ताईंनी चष्मा चढवून डब्यामागचं बारीक अक्षर वाचलं. "सोया, साखर, व्हॅनिला. दिगू, ही हॉर्लिक्सची गरीब बहीण आहे."

"मला दे तो डबा," सुहास म्हणाला. "तू गळ्यात मारलेल्या अल्कलाइन पाण्याच्या मशीनच्या ३५,००० मधून वळता करून घे."

"मशीनची वॉरंटी संपली," दिगू म्हणाला आणि स्वतःच फिस्सकन हसला.