दूध 'आपोआप' आटत नाही
नोकरीवर परतल्यावर आईचं दूध आपोआप आटतं, असं एका लेखात म्हटलंय. तसं नसतं. ठाण्याच्या घोडबंदरहून मुंबईतल्या बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) नोकरीला जायचं तर कामाचे तास धरून जाऊन-येऊन दहा-अकरा तास होतात. इतका वेळ छाती भरलेली राहिली की शरीर दूध बनवणंच कमी करतं. दर तीन तासांनी हाताने किंवा पंपाने काढलं तर टिकतं. काढलेलं दूध झाकणाच्या स्वच्छ डब्यात, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. चार दिवस चालतं. गॅसवर तापवू नका. डबा गरम पाण्यात ठेवा आणि वाटी-चमच्याने पाजा. बाटलीची सवय लागली की काही बाळं अंगावर प्यायला कुरकुरतात. आणि हो, मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली, दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. एचआरकडे लेखी मागा.