अंगठ्यावरून पेटलेलं भांडण

परवा गणपती पेठेतून भडंग घेऊन घरी येत होतो. वाटेत मी जिथं बत्तीस वर्षं शिकवलं त्या कॉलेजच्या गेटवर प्राध्यापक काळ्या फिती लावून उभे. गाडी लावली आणि थांबलो थोडा वेळ. रिटायर माणसाला घाई कसली? तेव्हापासून जुन्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू आहेत, "सर, चूक कुणाची?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहितो. कॉलेजचं नाव लिहिणार नाही. सांगलीकरांनी ओळखलं तरी कमेंटमध्ये लिहू नये.

निमित्त बायोमेट्रिकचं. सकाळी अंगठा, जाताना अंगठा, मध्ये सात तास भरले नाहीत तर अर्धी रजा कापणार, असं परिपत्रक निघालं. प्राध्यापकांनी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम काढले. त्यात रोज किमान ५ तास कॉलेजात हजर राहा, असं आहे. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेनं त्याच कागदावर बोट ठेवलं, की आठवड्याला ४० तासांचं कामही त्यातच लिहिलंय, भागा सहा दिवसांनी, जवळपास सात येतात. गणित दोघांचंही बरोबर येतं, म्हणून तर भांडण मिटत नाही.

आता आमच्या लोकांबद्दलही बोलतो, राग आला तर येऊ दे. बारा वाजता स्टाफरूममध्ये फक्त पंखा फिरत असायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पतसंस्थेच्या निवडणुकीत ज्या हिरिरीनं मंडळी फिरतात, त्याच्या निम्म्यानं लायब्ररीत फिरली असती तर हे मशीन लावायची हिंमत कुणाची झाली नसती.

पण अंगठा हे वरचं दुखणं. अनुदानित कॉलेजात पगार सरकारचा, बिलं कोल्हापूरच्या सहसंचालक कार्यालयातून मंजूर होऊन येणार. नेमणूक आणि चौकशीची नोटीस मात्र संस्थेच्या सहीनं. त्यामुळं संस्थेच्या साहेबांना वाटतं ही आपली माणसं, आणि प्राध्यापकाला वाटतं मी काय यांचं खातोय? दर २२ सप्टेंबरला, कर्मवीर जयंतीला, साहेब भाषणात कर्मवीर अण्णांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांसाठी दागिने मोडले ते सांगतात, डोळ्यांत पाणीही येतं त्यांच्या. दुसऱ्या दिवशी परिपत्रक. मधल्या मध्ये प्राचार्य. पाच वर्षांची नेमणूक, पुढची पाच मिळायची तर संस्थेकडं बघायला लागतं. कालपर्यंत हाच माणूस आमच्यासोबत कँटीनला कटिंग प्यायचा. खरं सांगू? मला कीव येते त्यांची.

हे सगळं बोलायला कायद्यानं एक जागा ठेवलीय. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात कलम ९७, महाविद्यालय विकास समिती. संस्थेचे अध्यक्ष त्यात, सचिव त्यात, आणि पूर्णवेळ शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षकही त्यात, पैकी एक बाई हव्यातच. वर्षाला किमान चार बैठका. मी या समितीत निवडून आलो होतो, हार घालून फोटो काढले होते.

पहिली बैठक झाली. चहा, काजू, अर्धा तास. दुसरी झालीच नाही. झाली नाही म्हणजे, एक दिवस माझा तास संपल्यावर शिपाई लांबट रजिस्टर घेऊन वर्गाच्या दारात उभा. इतिवृत्त लिहून तयार, "सर्वानुमते मंजूर" पण लिहिलेलं. सह्यांच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुल्या मारलेल्या. "सर, एवढीच राहिलीया." माझ्या वरच्या दोघांच्या सह्या झाल्या होत्या. खडूचा हात पँटला पुसला आणि केली सही. तीन वर्षं करत राहिलो. फीवाढ, पार्किंगचा ठेका, कशावर काय सही केली मलाच आठवत नाही. आता गेटवर उभं राहून घोषणा ऐकताना ती फुली आठवत होती.

आणखी एक बघितलं तिथं. काळ्या फिती आणि टाचण्यांचा डबा धरून एक पोरगी बाजूला उभी होती. एम.एस्सी., प्राध्यापकीची सेट परीक्षा पास, तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन. प्रत्येकाला फीत लावून देत होती, स्वतःच्या ओढणीला मात्र काहीच नाही. म्हटलं, तुला गं? हसली नुसती. "सर, माझी जूनमध्ये परत मुलाखत असते." समितीच्या निवडणुकीत तिला मत नाही, संघटनेच्या निवेदनातल्या मागण्यांत तिच्या मानधनाची एक ओळ नाही. निवेदन मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून. हे संस्थेनं नाही केलेलं, आपण केलंय.

संघटनेच्या पोरांना एवढंच म्हटलं, की बाबांनो, मशीन काढा म्हणण्याआधी गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं मागा, आणि त्यावर तुमच्याच माणसांच्या सह्या आहेत हे मनाची तयारी करून वाचा. एक जण म्हणाला, "सर, आता रजिस्टर नसतं. व्हॉट्सअपवर पीडीएफ येते."

मग सही कशी करता?

"सही कुठली, खाली अंगठे टाकतो सगळे."