गुलाबी पडलेला मॉनिटर आणि लोहचुंबकाचा उपाय

‘मॉनिटरचे रंग बिघडले? दुकानात जाऊ नका’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या सोलापुरातल्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. पडद्यावरून लोहचुंबक फिरवावे, पडदा मिठाच्या पाण्याने पुसावा, संध्याकाळी तो पिवळट दिसला तर व्हायरस समजून संगणक फॉरमॅट करावा आणि सगळा पडदा गुलाबी झाला तर पॅनल गेले असे मानून नवा मॉनिटर घ्यावा, असे चार सल्ले त्यात आहेत. माझा भाचा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चादरींची आणि टॉवेलांची डिझाइन संगणकावर काढतो. त्याचा पडदा गुलाबी झाला, तेव्हा त्याने जुन्या स्पीकरचे चुंबक काढून अर्धा तास फिरवले आणि गुण येईना म्हणून नव्या मॉनिटरसाठी पगारावर उचल मागितली. हे कळल्यावर मला राहवले नाही.

खर्चात पाडणारा चौथा सल्ला आधी घेतो. दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली, बहुधा निळ्या टोकाची जी केबल मॉनिटरला लावतात, ती व्हीजीए. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या या जोडणीत १५ पिना असतात. त्यांतली पहिली पिन लाल रंगाचा संकेत नेते, दुसरी हिरव्याचा आणि तिसरी निळ्याचा. ही एवढी रचना ठाऊक असली तरी संदेशातला निदानाचा सगळा डोलारा कोसळतो. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिळून पांढरा होतो. त्यातून हिरवा वजा झाला की लाल आणि निळा उरतो, म्हणजेच पडदा गुलाबी-जांभळा होतो. लाल गेला तर तो आकाशी दिसतो आणि निळा गेला तर पिवळा. भाच्याच्या केबलची दुसरी पिन वाकलेली होती. दुसरी केबल लावून स्क्रू घट्ट केले आणि पडदा पांढरा झाला.

पॅनल कधीच जात नाही, असे माझे म्हणणे नाही. मॉनिटरचे बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडावा आणि रंगाची सेटिंग मूळ स्थितीत आणावी. मेनूचे रंग ठीक असून चित्राचेच बिघडलेले असतील, तर दोष केबलकडे किंवा संगणकाकडे शोधावा. मेनूवरही तीच झाक किंवा उभ्या रेघा राहिल्या, तरच मॉनिटरवर संशय घ्यावा.

चुंबकाच्या सल्ल्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. जुन्या, मागे फुगीर असलेल्या मॉनिटरमध्ये काचेमागे बारीक भोकांची धातूची जाळी असे आणि ती चुंबकित झाली की इलेक्ट्रॉनचे झोत भलत्याच रंगाच्या ठिपक्यांवर पडून डाग दिसत. परंतु तो दोष घालवण्यासाठी आतच एक वेटोळे बसवलेले असे, ज्याचे चुंबकीय क्षेत्र सतत दिशा बदलत हळूहळू विरत जाई. सुरू करताना येणारा ‘ठण्ण’ आवाज त्याचाच. स्पीकरचे चुंबक कायमस्वरूपी असल्यामुळे ते फिरवून त्या जाळीवर नवे डाग पडत. आजच्या एलसीडी पडद्यात ती जाळी आणि ते झोत मुळी नाहीतच. तिथे द्रवस्फटिक विद्युतक्षेत्राने वळतात आणि रंगांच्या गाळण्या काचेवर पक्क्या असतात. अशा पडद्यावर घरातले चुंबक दिवसभर फिरवले तरी रंग सुधारणार नाहीत. लॅपटॉपजवळ तर ते नेऊच नये, कारण झाकण मिटल्याचे ओळखणारा संवेदक अनेक लॅपटॉपमध्ये चुंबकावरच चालतो आणि पडदा मध्येच बंद होतो.

मिठाच्या पाण्याबद्दल फार लिहीत नाही. रंग काचेच्या आत असतो, तो बाहेरून पुसून बदलत नाही. खालच्या कडेतून आत झिरपलेले खारे पाणी मात्र मॉनिटर खरोखरच निकामी करू शकते.

संध्याकाळच्या पिवळटपणाला व्हायरस म्हणणे तितकेच निराधार आहे. विंडोज १० मध्ये २०१७ पासून ‘नाईट लाईट’ ही सोय आहे आणि ती ठरवलेल्या वेळी निळा प्रकाश कमी करते. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करण्याऐवजी संगणक फॉरमॅट केला, तर डिझाइनच्या सगळ्या फाइली हकनाक जातील.

भाच्याचे काम मात्र अजून संपलेले नाही. पडदा गुलाबी असताना त्याने ज्या चादरींचे रंग निवडले, त्यांचे सूत रंगायला जाण्यापूर्वी प्रत्येक रंग शेड कार्डाशी, दिवसाच्या उजेडात, पुन्हा ताडून पाहायला मी त्याला सांगितले आहे.