इंजिन बसलं नाही, काकाजी: ब्रश कटरच्या त्या मेसेजला उत्तर

मृग कोरडा गेला, आर्द्रात पाणी आलं आणि पंधरा दिवसांत धुऱ्यावरचं गवत मांडीला लागलं. दरवर्षी याच दिवसांत गोठ्यातून, माळ्यावरून, खताच्या पोत्यांमागून गवत कापायचे ब्रश कटर बाहेर निघतात. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते, पण मशीन काही बोलत नाही. यंदा त्याच्या जोडीला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेजही फिरतो आहे. मला तो तीन ग्रुपवर आला, त्यातला एक भजनी मंडळाचा.

मेसेज थोडक्यात असा: पेट्रोलमध्ये ऑइल वाढवा, लिटरला 100 मिली, इंजिनला ताकद येते. चोक लावून दोरी ओढत राहा, 40-50 वेळा, सुरू झाल्याशिवाय थांबू नका. प्लग काढून गॅसवर लाल करा. प्लगच्या भोकात झाकणभर पेट्रोल ओता. कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू पूर्ण आवळून दीड-दीड फेरा सोडा. सायलेन्सरमधली जाळी काढून फेका. एवढं करूनही सुरू झाली नाही तर समजा इथेनॉलच्या पेट्रोलनं इंजिन बसवलं. नवीन घ्या, अनुदान मिळतं. आणि शेवटी अर्थातच, जास्तीत जास्त शेतकरी बांधवांपर्यंत पोहोचवा.

तो वाचून आमचे शेजारचे काकाजी रविवारी सकाळी मशीन खांद्यावर टाकून आले. "मले त इंजिन बसलं वाटते, बावा. मेसेजमधी हाये तसं सारं करून पाह्यलं." सारं म्हणजे पहिले दोन मुद्दे. तिसऱ्याला काकूंनी गॅसजवळ येऊ दिलं नव्हतं.

माझं काही दुकान नाही. वरुड तालुक्यात संत्रा आहे, थोडी पऱ्हाटी आणि तूर आहे, आणि दोन ब्रश कटर आहेत. ते मीच खोलतो, कारण आषाढात मेकॅनिककडे दिलेली मशीन पोळ्याला परत येते.

या मेसेजची मुळातली खोट अशी की तो सात उपाय सांगतो, पण तपासायला एकही गोष्ट सांगत नाही. इंजिन पेटायला ठिणगी, पेट्रोल-हवा आणि दाब ही तीन लागतात. यातलं काय कमी पडतं ते प्लग काढला की दहा मिनिटांत बऱ्यापैकी कळतं. मशीन सुरू करायची बरीच खटपट केल्यावर प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल वरपर्यंत येत नाही. ओलाचिंब असेल तर पेट्रोल येतं पण पेटत नाही. काकाजींचा प्लग ओला तर होताच, वर काळ्या डांबरासारखा चिकट थर होता. बोटाला लागला तो साबणानंही नीट गेला नाही. मेसेजचे पहिले दोन मुद्दे त्या एका प्लगवर लिहून आले होते.

आता ऑइलचं पाहू. ब्रश कटरच्या 2 स्ट्रोक इंजिनाला वेगळी ऑइल टाकी नसते, पेट्रोलमधलं ऑइलच पिस्टनला वंगण देतं. म्हणून मिश्रणाचं माप ठरलेलं असतं आणि ते टाकीच्या झाकणावर किंवा सोबतच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. 25:1 लिहिलं असेल तर लिटरला 40 मिली, 50:1 असेल तर 20 मिली. मेसेजमधलं 100 मिली म्हणजे 10:1 झालं. जास्तीचं ऑइल पूर्ण जळत नाही. ते प्लगवर, पिस्टनवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी होऊन बसतं. ताकद वाढणं तर दूरच. कार्बोरेटरमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं. मोटरसायकलच्या इंजिनात टाकतो ते ऑइलही इथं चालत नाही. 2टी म्हणून मिळतं तेच घ्यायचं, कारण ते जळण्यासाठी बनवलेलं असतं.

आणि मशीन 4 स्ट्रोक असेल तर? मेसेजला हा प्रश्नच पडलेला नाही. 4 स्ट्रोकला साधं पेट्रोल लागतं आणि ऑइल वेगळ्या झाकणातून खाली भरतात. होंडाच्या 35 सीसी इंजिनात ते 100 मिलीच्या आसपास बसतं. आपल्या मशीनला पेट्रोलच्या झाकणाशिवाय ऑइलचं दुसरं झाकण आहे का, एवढं आधी बघा.

दोरी ओढत राहण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला कष्टाळू वाटतो. चोक लागलेला असताना इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. थंड इंजिनाला पहिल्या दोन-चार ओढींपुरतं ते हवंच असतं. रीत अशी आहे: स्विच चालूवर, रबरी बल्ब सात-आठ वेळा दाबून नळीत पेट्रोल दिसू द्यायचं, चोक लावायचा, आणि एकदा "फट" असा आवाज आला की चोक काढून ओढायचं. तो फट फार हलका असतो. शेजारी मोटरपंप चालू असेल तर ऐकूच येत नाही. मग माणूस चोक लावूनच ओढत बसतो आणि सिलिंडर पेट्रोलनं भरतो. त्याला आपल्याकडे ओव्हर झालं म्हणतात. ओव्हर झालेल्या मशीनला आणखी 40 वेळा ओढणं म्हणजे बुडालेल्याला पाणी पाजणं.

त्यावर उपाय सोपा आहे. स्विच बंद, प्लग बाहेर, चोक काढलेला, रेस पूर्ण दाबलेली. मशीन अशी धरा की प्लगचं भोक खाली येईल आणि दोरी आठ-दहा वेळा ओढा. आतलं पेट्रोल बाहेर पडतं, म्हणून तोंड बाजूला ठेवा आणि बिडीवाल्याला अंगणाबाहेर बसवा. प्लग पुसा, पंधरा मिनिटं चहा घ्या, मग चोक न लावता ओढा. काकाजी हे सगळं शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "मंग मी काहून झटत होतो दोन दिवस?"

प्लग गॅसवर भाजण्याबद्दल फार बोलायला नको. पांढरा चिनीमातीचा भाग तापून तडकला की ठिणगी टोकाला न पडता मधूनच निसटते, आणि ती तडक डोळ्यांना दिसत नाही. पेट्रोलनं ओला प्लग विस्तवावर धरायचा की नाही हे काकूंना कळलं, मेसेज लिहिणाऱ्याला कळलं नाही. प्लग तारेच्या ब्रशनं घासा, फट बघा. या मशीनला साधारण 0.6 ते 0.7 मिलिमीटर फट लागते. माप घ्यायची पट्टी नसेल तर हाताच्या हॅक्सॉ ब्लेडची पाठ, म्हणजे दात नसलेली कड, जवळपास तेवढीच जाड असते.

मग ठिणगी बघा. प्लग टोपीत बसवून त्याचे आटे सिलिंडरच्या लोखंडाला टेकवा, दांड्याला रबर असलेल्या पक्कडनं धरा, पेट्रोलची कॅन दहा पावलं लांब ठेवा आणि सावलीत दोरी ओढा. निळी ठिणगी दिसली पाहिजे. नाहीच दिसली तर नवा प्लग लावून बघा. तरीही नसेल तर ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलला दोष देण्याआधी स्विचची वायर तपासा. या मशीनचा स्विच इंजिन बंद करताना ठिणगीला लोखंडाशी जोडून मारतो. हँडलमधून येणारी ती वायर हादऱ्यानं घासली किंवा गोठ्यात उंदरानं कुरतडली आणि लोखंडाला टेकली, की मशीन कायमची बंद. इंजिनाशी असलेल्या जोडावर ती वायर सोडून बघा. ठिणगी आली तर दोष वायरचा किंवा स्विचचा, आणि तो घरी निस्तरतो. फक्त वायर सोडून मशीन सुरू केली असेल तर ती स्विचनं बंद होणार नाही, चोक लावून बंद करावी लागेल. हे लक्षात न ठेवल्यानं मी एकदा चालू मशीन घेऊन अंगणभर गोल फिरलो आहे.

चौथा मुद्दा, प्लगच्या भोकात पेट्रोल, हा अर्धा खरा आहे. जुने मेकॅनिक हे करतात, पण उपाय म्हणून करत नाहीत, परीक्षा म्हणून करतात. प्लग कोरडा निघाला तर ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचे चार-पाच थेंब टाका, प्लग लावा, ओढा. इंजिन दोन सेकंद पेटून विझलं तर ठिणगी आणि दाब ठीक आहे, खालून पेट्रोल येत नाही. झाकणभर ओतलं तर पुन्हा ओव्हर झालंच, वर साधं पेट्रोल असेल तर सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघतं.

कार्बोरेटरच्या स्क्रूंवर मला जरा थांबावं लागेल, कारण इथं मी स्वतः पिस्टन घालवला आहे. तेव्हा मेसेज नव्हते, पण पानठेल्यावर सल्ला मिळायचाच. मशीन जोर धरत नव्हती म्हणून मी एच लिहिलेला स्क्रू आत फिरवला. आवाज एकदम चढा आणि सुंदर आला. मी खुशीत अर्धा एकर संत्र्याखालचं गवत कापलं आणि मग मशीन चालता चालता जाम झाली. एच स्क्रू आत गेला की पूर्ण रेसवर पेट्रोल कमी जातं, आणि पेट्रोलसोबत ऑइलही कमी जातं. चढा आवाज म्हणजे इंजिन उपाशी चालल्याचा आवाज होता.

बरं, स्क्रू आपोआप फिरत नाहीत. मागच्या हंगामात ज्या सेटिंगवर मशीन चालली, ती गोठ्यात झोपून बिघडत नाही. बिघडतं ते दुसरंच. टाकीतला छोटा फिल्टर चोंदतो. कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक होतो. जुनं पेट्रोल सुकून बारीक भोकात चिकटतं. नळी कडक होऊन जोडाशी चिरते आणि पेट्रोलऐवजी हवा ओढते. बल्ब दाबल्यावर पेट्रोल दिसतच नसेल किंवा बुडबुडेच येत असतील तर आधी फिल्टर आणि नळ्या बघा, तारेनं टाकीतून ओढून काढता येतात. टाकीचं झाकण सैल केल्यावर मशीन चालत असेल तर झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे, दुसरं काही नाही. आणि सगळ्या कार्बोरेटरला बाहेर दोन स्क्रू असतातच असं नाही. काहींना बाहेरून नुसता आयडलचा, म्हणजे रेस सोडल्यावरच्या वेगाचा, दिसतो. तिथं "दोन्ही पूर्ण आवळा" वाचून माणूस आवळणार काय? जोरानं आवळला तर सुईचं टोक आणि तिची बैठक दोन्ही जातात. अगदीच हात लावायचा असेल तर स्क्रू आत बसेपर्यंत किती फेरे गेले ते आधी मोजून लिहून ठेवा.

सायलेन्सरची जाळी काजळीनं भरते हे खरं आहे. तेव्हा मशीन बहुतेक वेळा सुरू होते, पण रेस धरत नाही. जाळी काढा, तारेच्या ब्रशनं घासा, परत बसवा. ती ठिणग्या अडवायला लावलेली असते. आषाढातल्या हिरव्या गवतात तिचं महत्त्व कळणार नाही, पण हीच मशीन दिवाळीच्या आसपास सोयाबीनच्या गंजीजवळचं वाळलं गवत कापायला नेतो आपण.

राहिलं इथेनॉल. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी 2023 मध्ये पंपांवर यायला लागलं आणि 2025 मध्ये देशभर मिश्रण 20 टक्क्यांवर पोहोचलं. छोट्या इंजिनांचे बरेच उत्पादक 10 टक्क्यांपर्यंतचंच मिश्रण सांगतात, आणि जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. तेव्हा मेसेजची तक्रार हवेतली नाही. पण "इंजिन बसवलं" हा निकाल चुकीचा आहे. काकाजींच्या टाकीतलं पेट्रोल मी पाण्याच्या रिकाम्या पारदर्शक बाटलीत ओतून सावलीत ठेवलं. पंधरा मिनिटांनी बाटलीत दोन थर दिसले: वर ऑइलच्या रंगाचा हिरवट, खाली बोटभर जवळजवळ बिनरंगाचा. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. पुरेसं पाणी मिळालं की ते पेट्रोल सोडून पाण्यासोबत तळाला जातं, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. आणि टाकीतला फिल्टर तळालाच पडलेला असतो. म्हणजे इंजिनाला मिळत होतं ते बिनऑइलचं इथेनॉल-पाणी. ते पेटलं नाही हेच काकाजींचं नशीब.

पाणी आलं कुठून? कॅन दिवाळीपासून गोठ्यात पत्र्याच्या गळतीखाली होती, बूच सैल.

टाकी ताज्या मिश्रणानं दोनदा विसळली, नवा प्लग लावला, बल्ब दाबला. सहाव्या ओढीला मशीन इतका धूर सोडून सुरू झाली की कोंबड्या अंगणातून पळाल्या. जास्तीचं ऑइल जळेपर्यंत तो धूर राहिला. हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, कॅनमध्ये महिनाभराच्या वर पेट्रोल ठेवायचं नाही, हे काकाजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाळतील की नाही ते दिवाळीनंतर कळेल.

इंजिन खरंच बसलं का, हे बघायलाही नवीन मशीन घ्यावी लागत नाही. प्लग लावलेला, स्विच बंद, अशी मशीन दोरीच्या मुठीला धरून हळूच उचला. वजनानं दोरी सरसर सुटत गेली आणि अडखळलीच नाही तर दाब गेला आहे. थांबत थांबत उतरली तर दाब आहे. आणखी खात्री हवी तर 2 स्ट्रोक मशीनच्या सायलेन्सरचे बोल्ट काढा आणि भोकातून पिस्टन बघा. गुळगुळीत असेल तर ठीक. उभे ओरखडे दिसले तर मेसेज बरोबर ठरला, पण त्याच्याच पाचव्या मुद्द्याच्या कृपेनं.

अनुदानाबद्दल एकच. त्यासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करायची असते. मेसेज वाचून आज दुकानातून मशीन उचलली आणि अर्ज उद्या केला, तर ते पैसे आपल्याच खिशातून गेले.