खुलासा : नटक्रॅकर पुरलेल्या बिया वासावरून शोधत नाही

‘क्लार्क्स नटक्रॅकर बर्फाखाली पुरलेल्या बिया वास घेऊन काढतो,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. पश्चिम उत्तर अमेरिकेच्या डोंगरांत राहणारा, कावळ्याच्या कुळातला हा पक्षी जिभेखालच्या पिशवीत पाइनच्या बिया भरून नेतो आणि दोन-तीन सेंटिमीटर खोल, एकेका जागी थोड्या थोड्या पुरतो. एका हंगामात हजारो जागा होतात.

संशोधक स्टीफन व्हँडर वॉल यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे निर्णायक आहे. पक्ष्यांनी वाळूत बिया पुरल्यावर व्हँडर वॉल यांनी जागेच्या एका भागातल्या खुणेच्या वस्तू २० सेंटिमीटर सरकवल्या. बिया जिथल्या तिथेच होत्या. त्या भागात पक्ष्यांच्या चोची जवळजवळ तेवढ्याच अंतराने चुकल्या, तर न हलवलेल्या भागात नेमक्या पडल्या. नाकाने शोध चालला असता, तर वस्तू सरकवून काहीच बिघडलं नसतं. शिवाय ज्यांनी स्वतः बिया पुरल्या नव्हत्या, त्या पक्ष्यांना फारच थोड्या सापडल्या.

गोंधळ बहुधा उंदीर-खारींमुळे होतो. ओलसर मातीतल्या बिया ते खरोखरच वासाने हुडकतात.

नटक्रॅकर मात्र खडक, ओंडके, झाडं यांच्याशी असलेलं अंतर आणि दिशा लक्षात ठेवतो. उंच खूण बर्फातही वर दिसते, सपाट दगड झाकला जातो. बाल्डा आणि कॅमिल या संशोधकांच्या चाचण्यांत ही आठवण नऊ महिन्यांनंतरही उपयोगी पडली. पण ती अचूकच असते असं नाही, काही बिया राहून जातात. व्हाइटबार्क पाइनची नवी रोपं मुख्यतः त्यांतूनच उगवतात.