कळवळा, तोही घरपोच

शेतकऱ्याबद्दल कळवळा बाळगणं मुंबईत अजिबात अवघड नाही. शेतकरी लांब असतो आणि कळवळ्याला पार्किंग लागत नाही. पण हल्ली बरेच जण हे काम चुकीच्या पद्धतीनं करतात. कुणी निर्यातशुल्काची चौकशी करतो, कुणी हमीभावाचा हिशेब मांडतो आणि मग दोन दिवस जेवण गोड लागत नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा खटाटोप.

पहिलं पथ्य असं की शेतकरी पायीच यायला हवा. ट्रॅक्टरवर बसून आला की डिझेलला पैसा कुठून आला ते विचारायचं. जीन्स घालून आला तर तो शेतकरीच नव्हे. मार्च २०१८ मध्ये आलेले मात्र शंभर नंबरी होते. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची माणसं ६ तारखेला नाशिकहून निघाली आणि कसारा घाट उतरून सुमारे १८० किलोमीटर चालत आली. त्यातून सोमवारी दहावीचा पेपर, म्हणून सोमय्या मैदानातून आझाद मैदानापर्यंतचा टप्पा त्यांनी रात्रीतच चालून काढला. तळपायाला फोड आलेल्या माणसानं मुंबईतल्या तुमच्याआमच्या पोरांच्या पेपरची काळजी करावी! आपणही कमी पडलो नाही. पाणी दिलं, बिस्किटं दिली, डबेवाल्यांनी जेवण दिलं. ते मागायला आले होते वनजमिनीचे हक्क, २००६ च्या कायद्यानंच देऊ केलेले. आपण चपला दिल्या.

सरकारनं लेखी आश्वासन दिलं, परतीची रेल्वेगाडी दिली, आणि कळवळा संपला. इथंच थांबायचं असतं. पुढं चौकशी केलीत तर कळतं की २०१९ मध्ये मोर्चा पुन्हा निघाला आणि २०२३ मध्ये आणखी एकदा. त्या खेपेला तो वाशिंदलाच थांबला, त्यामुळे आपल्या चपला वाचल्या. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या वेशीवर कृषी कायद्यांविरुद्ध चाललेल्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून शेतकरी आझाद मैदानात जमले आणि राज्यपालांना निवेदन द्यायला निघाले, तर राज्यपाल गोव्यात. याबद्दल कुणाला दोष देऊ नका. जानेवारीत गोव्याची हवा छान असते.

कांद्याचं प्रकरण नाजूक आहे, ते सावकाश घेऊ. कांदा ऐंशीवर गेला की ती महागाई आणि एक रुपयावर आला की तो बाजार, एवढं पाठ करून ठेवा. महागाईत सरकारनं धावून यायचं असतं. बाजारात कुणी लुडबुड करायची नसते. त्याप्रमाणे ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. देशात कांदा पुरावा, भाव आवाक्यात राहावा, हे कारण. म्हणजे सगळं तुमच्यामाझ्यासाठी. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, लोक रस्त्यावर बसले आणि आपण पावभाजीवाल्याला म्हणालो, भैया, कांदा थोडा और. ४ मे २०२४ ला बंदी उठली. नाशिक आणि दिंडोरीचं लोकसभेचं मतदान २० मेला होतं. योगायोग म्हणा आणि सोडून द्या.

भाव पडल्यावरच्या बातम्या वाचायच्याच असतील तर गंमत म्हणून वाचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला, किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून पट्टीवर शिल्लक उरली २ रुपये ४९ पैसे. व्यापाऱ्यानं दोन रुपयांचा चेक दिला, तोही पुढची तारीख टाकून. अशा चेकचा फोटो आला की रडका चेहरा टाकून पुढच्या ग्रुपवर ढकलावा. त्याआधी २०१८ मध्ये निफाडच्या एका शेतकऱ्याला ७५० किलोचे १,०६४ रुपये मिळाले. त्यानं ती सगळी रक्कम मनीऑर्डरनं पंतप्रधानांना पाठवली, वर मनीऑर्डरचा खर्च पदरचा. रास्ता रोको नाही, घोषणा नाही, काच फुटली नाही. मनीऑर्डर परत आली. इतकं सभ्य आंदोलन आपल्याला मनापासून आवडतं, कारण ते आठवड्यात विसरता येतं. याउलट १ जून २०१७ ला पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि दूध रस्त्यावर ओतलं गेलं, तेव्हा अन्नाचा केवढा हा अपमान, असं आपण म्हणालो होतो. लग्नाच्या हॉलमागचा पिंप बघून असं कधी म्हणालो नाही, पण तिथं आपण आहेर केलेला असतो.

आता रोजची भाजी. ती ॲपवरून मागवावी. बिलाच्या तळाशी हँडलिंग चार्ज येतो, प्लॅटफॉर्म फी येते, पाऊस असला तर पावसाचे वेगळे पैसे. एक शब्द न बोलता भरावेत. स्टेशनबाहेर वसईकडून पहाटेच्या लोकलनं आलेली मावशी दिसली की मात्र अंगातला अर्थशास्त्रज्ञ जागा करायचा. ‘मेथी कशी दिली? तीस? मावशी, काय सोनं विकताय का? वीसला द्या.’ ओल्या गोणपाटावरची जुडी ती उचलते, पिवळी पानं खुडते, पिशवीत घालते. तुम्ही जागचे हलत नाही. ती दोन मिरच्या टाकते. तुम्ही तरीही हलत नाही. ती तुमच्याकडे न बघता तिसरी मिरची टाकते. या तिसऱ्या मिरचीवर शहराची महागाई आटोक्यात आहे.

बियाण्याच्या भानगडीत पडू नका. तिथं शेतकरी आपापसातही एकमत दाखवत नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे गावठी वाण जपून ठेवतात. त्यांना पद्मश्री मिळाली, आपण फोटोला लाइक दिला आणि वाल चकचकीत पाकिटातला आणला. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी बंदी असलेलं, जनुकं बदललेलं कपाशीचं बियाणं उघड उघड पेरून सविनय कायदेभंग केला. एकाला जुनं बियाणं हवं, दुसऱ्याला सगळ्यात नवं. समोरासमोर आले तर भांडतील. पण माझ्या रानात काय पेरायचं ते मी ठरवीन, एवढंच दोघं म्हणतात, आणि नेमकं तेच ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं. त्याच वर्षी गुजरातमध्ये पेप्सिकोनं आपल्या नावावर नोंदवलेल्या वेफर्सच्या बटाट्याच्या वाणावरून शेतकऱ्यांना कोर्टात खेचलं, त्यातल्या चौघांकडून प्रत्येकी कोटीच्या वर भरपाई मागितली. शेतकऱ्यानं राखलेलं बियाणं पेरावं, वाटावं, ब्रँडचं नाव न लावता विकावंही, असं २००१ चा कायदा सांगतो. गाजावाजा झाल्यावर कंपनीनं दावे मागे घेतले. पाकीट फोडताना यातलं काही आठवू देऊ नका. वेफर्स सादळतात.

एवढं करूनही टोचणी राहिलीच, तर अलिबागला जा. जवळच चरी गाव आहे. खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदारांची, जमीन कसायचीच नाही असं तिथल्या कुळांनी १९३३ मध्ये ठरवलं. संप १९३९ पर्यंत चालला. लाकडं तोडली, उपास काढले, नांगर धरला नाही. जानेवारी १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कोकणातल्या शेतकऱ्यांनी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला, तो याच खोतीविरुद्ध. खोती गेली. जमीन आता आपण बघायला जातो, गुंठ्याच्या भावानं. एजंट गाडीचा एसी बंद न करता खाडीकडे बोट दाखवतो, टायटल क्लिअर आहे म्हणतो. फक्त एक अडचण येते. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आपण शेतकरी असल्याचा दाखला लागतो. घाबरू नका. आजोबांच्या सातबाऱ्यावर चुलत्यांनी तुमचं नाव लावलंय का ते गावी फोन करून विचारा; दहा वर्षांत फोन केला नसेल तर आधी तब्येतीची चौकशी करा. नाव निघालं की तुम्हीही शेतकरी. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. तिथं किती आंबा दाखवायचा, ते सीएला विचारून घ्या.