अडीच सुताचे काका

"छोट्याची का?" दुकानदाराने विचारलं.

सायकल वीस इंची, आणि ती धरून उभा असलेल्या इसमाच्या मिशीत पांढरे केस, तेव्हा प्रश्न अगदीच गैर नव्हता. माझीच आहे म्हटल्यावर त्याने एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा माझ्या पोटाकडे, आणि "बरं" म्हणाला. त्या "बरं"चं काय करायचं ते माझं अजून ठरलेलं नाही.

बीएमएक्सची, म्हणजे कठड्यांवर घसरायच्या कसरतींच्या सायकलची, चेन तुटली होती, मजबूत चेन हवी होती. त्याने फळीवरून एक खोका काढून त्यावर फुंकर मारली. खोक्यावर वाघ, विजेची ठिणगी आणि ठळक अक्षरांत "हेवी ड्यूटी". चेनची आतली रुंदी किती, हे मात्र कुठेच नाही. हल्ली हेवी ड्यूटी नसलेली वस्तू बाजारात उरलेलीच नाही. फरशी पुसायचा मॉप हेवी ड्यूटी. कपड्यांचे चिमटे हेवी ड्यूटी, जे एका उन्हाळ्यात पिचून गॅलरीतून खाली पडतात. यांना एक आकडा विचारा, की सगळे वाघ गप्प.

खिशातून व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची सरकपट्टी) काढून मापलं. २.४ मिलीमीटर. म्हणजे पाऊण सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे गिअरच्या सायकलची चेन. बीएमएक्सच्या चेनव्हीलचे, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चाकाचे, दाते बहुतेक एक सुती चेनसाठी कापलेले असतात, १/८ इंचासाठी. रुंद चेन अरुंद दात्यांवर थोडी खडखडत का होईना, चालते. अरुंद चेन रुंद दात्यांच्या टोकांवरच बसून राहते, आत उतरतच नाही.

"मला एक सूत पाहिजे," मी म्हटलं. इथे काकांचा प्रवेश झाला.

प्रवेश म्हणजे ते आधीपासून स्टुलावर होतेच. त्यांची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून, ठिगळ लावून, टायर चढवून केव्हाच झाली होती. पुढचा मुक्काम केवळ लोककल्याणासाठी होता.

"एका सुतात काय होतंय?" काका म्हणाले. "मुंगी बांधायचीय का?"

"काका, दातेच एक सुताचे आहेत."

"दात्यांचं सोड. भोसरीला तीस वर्षं लेथवर काढलीत मी. ताकद कशात असते? लोखंडात. लोखंड जास्त, ताकद जास्त. ए बाळ, जा रे, याला स्प्लेंडरची चेन आणून दाखव."

आणि दुकानातलं ते बाळ, ज्याला मी मघापासून हवेचा पंप मागत होतो, ते शेजारच्या टू-व्हीलर स्पेअरच्या दुकानात धावत गेलं. चुकीच्या कामाला आपल्याकडे माणसं फार तत्पर.

चेन आली. काकांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.

"जड आहे ना?"

"आहे."

"मग?"

युक्तिवाद संपला होता. मी तरी म्हटलं, "ही ४२८ नंबरची आहे काका, आतून अडीच सूत."

"तेच तर! तुला एक पाहिजे होतं, मी अडीच देतोय. वर दीड सूत फुकट."

मग ते उठले, खाली वाकले आणि त्या चेनच्या चार कड्या माझ्या चेनव्हीलवर ठेवून विजयाने म्हणाले, "बसली!" दुकानातल्या आणखी दोघांनी माना डोलावल्या. त्यातला एक नुसती हवा भरायला आला होता.

बसणारच. पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही चेनचं सारखंच आहे, चार सूत, म्हणजे १२.७ मिलीमीटर. पण मोटरसायकलच्या त्या चेनचा रोलर (पिनेवरची फिरती नळी) ८.५१ मिलीमीटरचा आणि सायकलचा ७.७५ चा. जाड रोलर दोन दात्यांमधल्या खोबणीत तळाला टेकत नाही, वरच अडकतो. शिवाय चेनच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांमधली फट जवळपास आठ मिलीमीटर आणि दाता जेमतेम तीनचा. उरलेल्या पाच मिलीमीटरमध्ये चेन मोकळी नाचणार. त्यात मागे नऊ दात्यांचा ड्रायव्हर (मागच्या चाकाची चक्री), चेन धरणारे दाते एका वेळी जेमतेम चार. पेडलवर उभं राहून पहिला जोर लावला, की चेन खाली आणि नडगी पेडलच्या पिनांवर.

काका लेथवाले, त्यांना आकडे पटतील म्हणून बिलाच्या कागदावर हिशेब मांडला. सत्तर किलोचा माणूस १७५ मिलीमीटरच्या आडव्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) उभा राहिला, तर २५ दात्यांच्या चेनव्हीलवर चेनला सुमारे २४० किलोची ओढ बसते. जुन्या ४४ दात्यांच्या चेनव्हीलवर तीच १३८ किलोच्या आसपास. ४४ ला मागे १६ आणि २५ ला मागे ९, पायाला दोन्ही जवळपास सारखेच लागतात. पण छोटं चेनव्हील कठड्यावर आपटत नाही म्हणून सगळे त्याकडे वळले, आणि वाढीव ओढ चेनच्या माथी आली. तरीही सायकलची बरी चेन ८०० किलोच्या आसपास ओढ सहज सोसते. म्हणजे नुसत्या ओढीने ती तुटत नाही.

काकांनी कागद वाचला. "तुझं वजन किती?"

"ब्याऐंशी."

"मग सत्तर कशाला लिहिलंस?"

हवा भरायला आलेला माणूस मोठ्याने हसला. त्याची हवा भरून झाली होती, तो जाऊ शकत होता.

चेन तुटते ती आडव्या माराने आणि वाईट जोडणीने. कठड्यावर घसरताना ती काँक्रीटवर आपटते, बाहेरची पट्टी वाकते, पट्टीचं भोक पिनेच्या डोक्यावरून निसटतं आणि पुढच्या जोराला कडी उघडते. म्हणून बघायची ती बाहेरच्या पट्टीची जाडी (साध्या चेनची साधारण एक मिलीमीटर, चांगलीची त्याहून दोन-तीन दशांश जास्त) आणि पिनांची डोकी नीट ठोकून पसरवलेली आहेत की नाहीत ते. वजन बघायला आपण भंगारवाले नाही.

दुकानदाराने मग अर्ध्या कड्यांची चेन काढली, जिची प्रत्येक कडी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद असते. दिसायला झकास. पण तिच्या सगळ्याच पट्ट्या बाक दिलेल्या. ओढ बसली की तो बाक थोडा थोडा सरळ होतो, आणि चेन साध्या चेनपेक्षा लवकर लांबते. तिचा खरा फायदा एवढाच, की लांबी अर्ध्या इंचाने कमीजास्त करता येते आणि मागचं चाक पाव इंचाने सरकतं. साध्या चेनमधून एक इंच काढलं की चाक अर्धा इंच पुढे येतं. जिथे मेळ बसत नाही तिथे साध्या चेनमध्ये एकच अर्धी कडी घालावी. त्यासाठी अख्खी चेन वाकडी कशाला?

शेवटी त्याच फळीवर, वाघाच्या मागे, ४१० सापडली. वाघ नाही, ठिणगी नाही, नुसता आकडा: ४ म्हणजे चार सुताची पिच (दोन पिनांमधलं अंतर) आणि १० म्हणजे १०/८० इंच रुंदी, म्हणजे बरोबर एक सूत. पट्टी जाड.

"चेन कटर आहे ना?" मी विचारलं.

"आहे की," म्हणत त्याने हातोडी आणि खिळा काढला.

इथे मात्र माझी सटकली. नवी कोरी चेन घेऊन तिची पिन खिळ्याने ठोकायची, भोक फाकवायचं, तीच पिन तिरकी परत ठोकायची, आणि चेन तिथेच तुटली की "माल आता पूर्वीचा राहिला नाही" म्हणायचं. कटर काही सोन्याचा नसतो. मी माझा काढला. पिन पूर्ण बाहेर काढायची नाही, बाहेरच्या पट्टीत तिचं टोक अडकलेलं ठेवायचं, नाहीतर ती परत सरळ जात नाही. जोडल्यावर ती दोन्ही बाजूंना सारखी डोकावली पाहिजे. कडी आखडली तर चेन आडवी वाकवून मोकळी करायची. क्लिपवालं चेनलॉक असेल तर क्लिपचं बंद टोक चेन जाते त्या दिशेला. मग चाक मागे ओढून चेनला मधोमध वरखाली मिळून अर्धा इंच झोल ठेवायचा. चेनव्हील कधीच पुरतं गोल नसतं, म्हणून पेडल फिरवून जिथे चेन सर्वांत ताठ होते तिथे हा झोल मोजायचा. त्याहून ताठ ठेवली तर हबची बेअरिंगं जातात.

काका हे सगळं "करमणूक आहे" अशा चेहऱ्याने बघत होते. निघता निघता मी त्यांच्या काळ्या सायकलीच्या चेनला व्हर्नियर लावलं. चेन जळक्या ऑइलमध्ये न्हालेली, त्यात रस्त्याची वाळू कालवलेली. रोलर पॉलिश करायचा हाच तो मसाला. बोटं काळी झाली, पण माप स्वच्छ आलं: ३.२ मिलीमीटर.

"काका, तुमचीसुद्धा एकच सूत आहे. हिच्यावर तुम्ही गॅसचं सिलिंडर आणता."

काकांनी चष्मा वर करून चेन पाहिली. "जुनी आहे रे. झिजून बारीक झाली असेल."

झिजली होतीच, पण लांबीत. मोजपट्टी लावली, तर बारा इंचांत मावायला हव्या होत्या तेवढ्या कड्यांना दीड सूत जास्त लागत होतं. अर्धं सूत वाढलं की चेनकडे बघायचं, एक सूत वाढलं की बदलायची, नाहीतर ती दातेही खाते. हे मी सांगितलं. काका म्हणाले, "चालतेय ना?" आणि दुकानदाराकडे पाहून त्यांनी डोळा मारला.

बिलावर चेनच्या खाली दुकानदाराने पन्नास रुपये फिटिंगचे लावले होते. फिटिंग मी केलं होतं, माझ्या कटरने, त्याच्या दारातल्या फुटपाथवर. विचारलं तर म्हणाला, "जागेचे."